पोटरीतले पंधरा दिवस

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडला की १०१ क्रमांकाचा महामार्ग प्रवाशाला उत्तरेकडे घेऊन जातो. सांता रोझा मागे पडते, क्लोव्हरडेल मागे पडते, रशियन नदी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे दिसू लागते. १८१२ ते १८४१ या काळात रशियन लोकांनी याच किनाऱ्यावर फोर्ट रॉस नावाची वसाहत केली होती. नदीचे नाव त्यांचीच आठवण. सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास झाला, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षमळे लागतात आणि त्यांच्यामध्ये एक चिमुकले गाव येते, हॉपलंड. बिअरला कडवट चव देणाऱ्या हॉप्सच्या वेलींची इथे पूर्वी मोठी लागवड होती, म्हणून गावाचे हे नाव. वेली गेल्या, द्राक्षे आली, नाव मात्र राहिले.

बहुतेक पर्यटक इथे वाइन चाखण्यासाठी थांबतात आणि पुढे उंच रेडवूड वृक्षांच्या जंगलाकडे निघून जातात. पण एप्रिलच्या अखेरीस गावाच्या पूर्वेकडचे डोंगर जरा निरखून पाहावेत. ओकच्या झाडांखाली पसरलेली हिरवळ, मधूनच केशरी पॉपी आणि जांभळी ल्युपिन फुललेली, आणि त्या हिरव्या उतारावर सांडलेल्या तांदळासारख्या दिसणाऱ्या मेंढ्या. चित्र इतके शांत, की या डोंगरावर एक लढाई चालू आहे हे कुणाला सांगूनही खरे वाटणार नाही. लढाई आहे एका गवताशी, आणि सैनिक आहेत या मेंढ्या. पंचाईत अशी, की या सैनिकांना ते गवत मुळीच आवडत नाही!

पावसाचे उलटे गणित

मराठी माणसाला इथला ऋतुक्रम उलटा वाटतो. आपल्याकडे जूनमध्ये डोंगर हिरवे होतात, इथे जूनमध्ये ते वाळतात. पाऊस पडतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्यामुळे गवत थंडीत उगवते, वसंतात भरभर वाढते आणि मे संपता संपता पिवळे पडते. कॅलिफोर्नियाचे हे सोनेरी डोंगर चित्रपटांतून जगभर गाजले. पण त्या सोन्यातला बराचसा भाग परदेशी आहे. १७६९ पासून स्पॅनिश धर्मोपदेशक आणि वसाहतवाले इथे येऊ लागले. त्यांच्या जनावरांबरोबर, धान्याबरोबर, चाऱ्याबरोबर भूमध्य समुद्राकाठची वर्षायू गवते आली आणि इथल्या तशाच हवेत मजेत रुजली. मूळची बहुवर्षायू, झुबक्याने वाढणारी गवते मागे हटली. त्यांतल्याच जांभळ्या सुईगवताला २००४ मध्ये राज्याचे अधिकृत गवत म्हणून मान मिळाला, पण डोंगर काही परत मिळाले नाहीत.

तरीही आलेल्या पाहुण्यांपैकी पुष्कळशी गवते चारा म्हणून चांगली निघाली. जंगली ओट आहे, राय गवत आहे. गाई-मेंढ्या ती आवडीने खातात आणि पशुपालकांच्या पिढ्या त्यांच्यावर जगल्या. खरे दुखणे आणले ते नंतर आलेल्या एका पाहुण्याने. त्याचे नाव मेड्युसाहेड.

केसांचे साप

ग्रीक पुराणात मेड्युसा नावाची एक भयंकर स्त्री आहे. तिच्या डोक्यावर केसांऐवजी साप वळवळतात आणि तिच्याकडे पाहणारा दगड होतो. या गवताची ओंबी वाळली, की तिची लांब कुसे पिळवटून चहूकडे वाकतात. नाव देणाऱ्याला त्यात मेड्युसाचे डोके दिसले असले तर नवल नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातले हे गवत अमेरिकेत पहिल्यांदा नोंदले गेले ते १८८० च्या दशकात, ओरेगन राज्यातल्या रोझबर्ग गावाजवळ. तिथून ते कॅलिफोर्निया, आयडाहो, नेवाडा, वॉशिंग्टन आणि यूटा असे पसरत गेले. पसरण्यासाठी त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. कुसांना बारीक काटेरी दाते असतात. ते मेंढीच्या लोकरीत, कुत्र्याच्या केसांत, चालणाऱ्याच्या मोज्यात अडकतात आणि बी फुकटात प्रवास करते.

महाराष्ट्राच्या माळरानावर हिंडलेल्या माणसाला हे ओळखीचे वाटेल. दिवाळीच्या सुमारास माळावरून चालून आले, की धोतराला, साडीच्या काठाला कुसळे टोचून बसतात. ती एकेक करून काढत बसण्याचा उद्योग खेड्यात कुणी केला नाही? आपले कुसळी गवत आणि हे मेड्युसाहेड यांची जात वेगळी, पण स्वभाव बराचसा एक. कोवळे असताना जनावर तोंड लावते, कुसळ धरले की तोंड फिरवते.

मात्र मेड्युसाहेड एक पाऊल पुढे आहे. त्याच्या अंगात सिलिका फार. वाळूत आणि काचेत असतो तोच हा पदार्थ. भाताच्या तुसातही तो असतो, म्हणून तूस सहजासहजी कुजत नाही. मेड्युसाहेडच्या कोरड्या वजनात दहा टक्क्यांहूनही अधिक सिलिका सापडतो. असे पान म्हणजे बारीक पॉलिशपेपरच! मेंढीच्या जिभेला ते खरखरीत लागते आणि पोटात गेल्यावरही नीट पचत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव चारा कुजवून त्याचे अन्न करतात. सिलिकाच्या थरामुळे त्या जिवांनाच आत शिरणे अवघड होते. गवतात सत्त्व नाही असे नव्हे, पण ते कुलूप लावून ठेवल्यासारखे असते.

मेंढीची हुशारी, डोंगराचे नुकसान

मेंढीला आपण वेंधळी समजतो. एक खड्ड्यात पडली की मागच्याही पडतात, म्हणून हसतो. पण चरताना मेंढीइतकी चोखंदळ दुसरी कुणी नाही. तिचे तोंड लहान, ओठ चपळ. दोन काड्यांमधले कोवळे पान ती नेमके उचलते. मोकळ्या कुरणात सोडलेल्या मेंढ्या आधी क्लोव्हर खातात, मग ओट, मग राय. मेड्युसाहेड तसेच उभे राहते.

आणि इथेच खरी मेख आहे. चांगली गवते खाल्ली गेली की त्यांचे बी कमी पडते. न खाल्लेले मेड्युसाहेड मात्र निवांत पिकते आणि भरपूर बी टाकते. पुढल्या वर्षी ते आणखी दाट येते. वाळलेल्या गवताचा कुजायला न लागणारा थर जमिनीवर गोधडीसारखा साचतो. इतर गवतांच्या बियांना त्या थराखालून वर येणे कठीण जाते, मेड्युसाहेडचे बी मात्र त्या थरातच आरामात रुजते. एका चौरस मीटरमध्ये हजाराहून अधिक रोपे दाटलेली आढळतात. असा पट्टा पडला, की त्या कुरणाची जनावरे पोसण्याची ताकद तीन चतुर्थांशाने किंवा त्याहूनही अधिक घटू शकते. जिथे शंभर मेंढ्या चरायच्या, तिथे पंचवीसही जगणे मुश्कील! पिढ्यान् पिढ्या मेंढ्यांवर संसार चालवणाऱ्या कुटुंबाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे संकट आगीचे. उन्हाळ्यात तो वाळका थर म्हणजे डोंगरभर पसरलेले सरपणच. २०१८ च्या जुलैत या भागात ‘रिव्हर फायर’ नावाचा वणवा पेटला. त्याच्या जोडीने पेटलेल्या दुसऱ्या वणव्यासह एकूण साडेचार लाखांहून अधिक एकर जमीन जळाली. हॉपलंडच्या डोंगरांनीही ती आग पाहिली. वणवा केवळ या एका गवतामुळे लागतो असे नाही, पण वाळके गवत जितके दाट आणि उंच, तितकी ज्वाळा उंच, हे कुणीही शेतकरी सांगेल. चरून आखूड झालेल्या गवतावर आग आली तरी ती खुजी राहते आणि विझवणाऱ्याला जवळ जाता येते.

मेंढ्यांना कसे समजवायचे?

हॉपलंडच्या पूर्वेला डोंगरावर कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र आहे. १९५१ मध्ये विद्यापीठाने एक जुने मेंढपाळी कुरण विकत घेतले आणि केंद्र सुरू झाले. सुमारे ५३०० एकरांचा हा परिसर. यातला ३००० एकरांहून अधिक भाग २०१८ च्या वणव्यात होरपळला. ओकची वने, झुडपांचे उतार, मोकळी कुरणे आणि मेंढ्या असा सगळा सरंजाम असल्याने गवत आणि जनावर यांचे नाते अभ्यासायला याहून चांगली जागा कोणती? लोकर कातरायला शिकवणारी इथली मे महिन्यातली शाळाही प्रसिद्ध आहे. पाच दिवसांत शहरातली पोरेही मेंढी धरायला आणि कातर चालवायला शिकतात.

नको असलेले गवत मेंढीला खायला कसे लावायचे, या प्रश्नावर अमेरिकेच्या पश्चिम भागात अनेकांनी डोके चालवले आहे. यूटा राज्य विद्यापीठातले फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी जनावरे चारा कसा निवडतात यावर आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचे म्हणणे ऐकून घरातल्या आयांना हसू येईल, कारण ते त्यांना आधीच ठाऊक असते. खाण्याच्या आवडीनिवडी लहानपणी, आईच्या पदराखाली ठरतात. कोकरू आईच्या मागे हिंडते, ती जे खाते ते हुंगते, चाखते आणि तेच पुढे खाते. यूटातल्या एका प्रयोगात कोकरांना आईसोबत थोडे दिवस गहू खायला मिळाला. नंतर गव्हाशी त्यांचा संबंध आला नाही, तरी तीन वर्षांनीही गहू समोर येताच ती न बिचकता खाऊ लागली. ज्यांनी तो कधी चाखला नव्हता, ती कडेलाच घुटमळली.

दुसरी गोष्ट पोटाची. खाल्ल्यावर बरे वाटले तर मेंढी त्या चवीकडे परत येते, पोट बिघडले तर ती चव टाळते. म्हणजे शिकवण जिभेने नव्हे, पोटाने होते. याच विचारातून अनेक पशुपालक तणांची ओळख जनावरांना हळूहळू करून देतात. कुणी कुरणाच्या नको त्या कोपऱ्यात मळीच्या गोड चाटण विटा ठेवतात. विटेच्या लोभाने जनावरे तिथे जमतात, आजूबाजूचे गवतही खातात, निदान तुडवतात तरी.

पण मेड्युसाहेडच्या बाबतीत लाडीगोडीला मर्यादा आहे. काटेरी कण्या आणि काच यांची सवय कितीही लहानपणी लावली, तरी पोट ते मान्य करणार कसे? म्हणून शेवटी उत्तर सापडले ते मेंढीच्या स्वभावात नव्हे, तर गवताच्या वयात.

पोटरीत आलेले गवत

आपला शेतकरी म्हणतो, ‘ज्वारी पोटरीत आली.’ म्हणजे कणीस तयार झाले आहे, पण अजून पानाच्या वेष्टनात दडलेले आहे. पुढे ते निसवते, बाहेर पडते, मग दाणा चिकात येतो, मग हुरडा. मेड्युसाहेडचेही तसेच. आणि ते इतर गवतांच्या मानाने उशिरा, दोन ते चार आठवड्यांनी पिकते. एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्यात जेव्हा ओट आणि ब्रोम पिवळे पडू लागतात, तेव्हा डोंगरावर हे एकच गवत हिरवे उरते. या काळात ते पोटरीत असते. कुसे अजून बाहेर पडलेली नसतात, पाने फार राठ झालेली नसतात आणि भोवती खायला याहून कोवळे दुसरे उरलेले नसते. मेंढी तेव्हा नाक मुरडत का होईना, ते खाते.

यातली खुबी पुढची आहे. पोटरीत असताना गवत कापले गेले, की कणीसच जाते. पाऊस थांबलेला, जमीन सुकू लागलेली, त्यामुळे नव्याने फुटून बी धरण्याइतकी ओल उरत नाही. आठ-दहा दिवस आधी चारले तर मुळाशी ओल असते आणि गवत पुन्हा फुटते. आठ-दहा दिवस उशीर झाला तर कुसे बाहेर येतात, मेंढी तोंड लावत नाही, लावलेच तर तोंडाला आणि डोळ्यांना इजा होते. सारा खेळ पंधरा-वीस दिवसांचा!

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तणशास्त्रज्ञ जोसेफ डिटोमासो आणि त्यांचे सहकारी यांनी हे आकड्यांत मांडले. २००८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्य वसंतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, थोड्या जागेत पुष्कळ मेंढ्या थोड्या दिवसांसाठी कोंडून चारल्या, तेव्हा मेड्युसाहेड ८६ ते १०० टक्क्यांपर्यंत घटले. मार्चमध्ये किंवा पावसाच्या सुरुवातीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केलेल्या चराईचा मात्र उपयोग झाला नाही. शिवाय मध्य वसंताच्या चराईनंतर त्या जागी रुंद पानांच्या रानफुलांनी डोके वर काढले, हा आनंद वेगळाच.

जाळीच्या आतले जेवण

हे काम चालते कसे, ते पाहण्यासारखे असते. मोकळ्या डोंगरावर मेंढ्या सोडल्या तर त्या निवड करणारच. म्हणून उताराचा एक तुकडा हलक्या, विजेच्या सौम्य प्रवाहाच्या जाळीने वेढतात. आपले धनगर रात्री मेंढ्यांभोवती वाघर लावतात ना, तशीच ही, फक्त सौरऊर्जेवर चालणारी. आत दाटीवाटीने मेंढ्या. पंगतीत शेजारच्याने ताटातले संपवले तर आपणही हात चालवतो, तसे इथे होते. निवडायला सवड मिळत नाही. टाकीतून पाणी येते. एक-दोन दिवसांत तुकडा पायाखाली तुडवून साफ झाला, की जाळी उचलायची, पुढचा तुकडा.

कळप हाकायला चपळ बॉर्डर कॉली कुत्री असतात. राखणीला मोठी, पांढरी, दाट केसांची ग्रेट पायरेनीज कुत्री, कारण रात्री कोयोटीची भीती असते. ही कुत्री कळपातच लहानाची मोठी होतात. दुरून त्या मेंढ्याच वाटतात, आणि एखादी मेंढी अचानक भुंकली की नवखा प्रवासी दचकतो. मेंढपाळ बहुधा पेरू देशातून आलेले असतात. एकेकाळी हे काम स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक करीत. घरदार हजारो मैलांवर सोडून, चाकांच्या छोट्या घरात राहून हे मेंढपाळ महिनोन् महिने कळपामागे फिरतात. मेंढीचा डोळा, खूर, चाल पाहून तिचे दुखणे ओळखणाऱ्या या माणसांवरच सगळा मदार असतो. गवत पोटरीत आले हे संगणक सांगत नाही. वाकून एक काडी उपटावी लागते, वेष्टन उकलून आत बोट फिरवावे लागते.

मेंढ्या आणायच्या कुठून?

मग उपाय सापडला, तर डोंगर साफ का होत नाहीत? कारण साधे आहे. पंधरा-वीस दिवसांत साऱ्या डोंगरावर इतक्या दाटीने चारायला तितक्या मेंढ्याच नाहीत. १९४२ मध्ये अमेरिकेत सुमारे साडेपाच कोटी मेंढ्या होत्या, आता जेमतेम पन्नास लाख आहेत. लोकरीची जागा कृत्रिम धाग्यांनी घेतली, मटण खाणारे कमी झाले, मेंढपाळ ठेवणे महाग झाले. ज्या वेळी या डोंगरांना मेंढीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच वेळी ती सगळ्यात कमी उरली आहे.

म्हणून पशुपालकाला निवड करावी लागते. सारा डोंगर नाही, तर पन्नास एकर. घराजवळचा उतार, पाणवठ्याची वाट, जिथून बी पुढे पसरेल तो रस्त्याकडेचा पट्टा. या बियांचे एक बरे आहे. बहुतेक बी जमिनीत दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त टिकत नाही. म्हणजे एकाच तुकड्यावर लागोपाठ दोन-तीन वसंत नेम साधला, तर तो तुकडा बराचसा मोकळा होतो. एक वसंत चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

पण यातूनच मेंढपाळाला नवा मानही मिळू लागला आहे. हॉपलंडच्या खोऱ्यात हिवाळ्यात द्राक्षवेली पानांविना उभ्या असतात, तेव्हा मळ्यांत मेंढ्या सोडतात. त्या तण खातात आणि लेंड्यांचे खत देऊन जातात. वणव्याच्या भीतीने गावाच्या कडेचे गवत चारून घेण्यासाठीही कळप भाड्याने बोलावतात. मांस आणि लोकर यांपलीकडे मेंढीच्या नुसत्या खाण्यालाही किंमत आली! हे ऐकून आपल्या दख्खनच्या धनगराला आश्चर्य वाटायचे नाही. त्याचा कळप शेतात बसवून घेण्यासाठी शेतकरी पूर्वापार धान्य आणि पैसे देत आला आहे.

जाण्याआधी

हे सारे पाहायचे तर एप्रिलची अखेर उत्तम. हवा आल्हाददायक, रानफुले बहरात आणि कळप कामावर. संशोधन केंद्राचे डोंगर एरवी सर्वांना खुले नसतात, लोकांसाठी ठरवलेल्या कार्यक्रमांच्या दिवशीच तिथे जाता येते. तेव्हा आधी चौकशी करून निघावे. हे खोरे पोमो या आदिवासींची पूर्वापार भूमी आहे. त्यांच्या विणलेल्या टोपल्या जगातल्या उत्कृष्ट टोपल्यांत गणल्या जातात. जवळच्या युकाया गावातल्या संग्रहालयात त्या पाहता येतात. इतकी बारीक वीण, की टोपलीत पाणीही राहावे.

आणि परतताना गाडीत बसण्यापूर्वी एक काम जरूर करावे. बूट काढावेत, मोजे उलटे करून झटकावेत, पायजम्याची शिवण तपासावी. मेंढ्यांनी, कुत्र्यांनी आणि एका परदेशी मेंढपाळाने जाळीत उभे राहून जो तुकडा दोन वर्षे राखला, त्यात एखाद्या हौशी प्रवाशाच्या मोज्यातून दोन बिया पडल्या तर?

संध्याकाळी ऊन कलते. जाळी उचलली जाते, कुत्रे एक फेरी मारते आणि कळप पुढच्या तुकड्याकडे सरकतो. मागे राहिलेला उतार आखूड, तुडवलेला, काहीसा उदास दिसतो. त्याचे फळ आज दिसायचे नाही. पुढल्या एप्रिलमध्ये तिथे ओट डोलू लागला आणि एखादी पॉपी उमलली, तर समजायचे, की मेंढ्यांनी नाक मुरडत खाल्लेला तो घास वाया गेला नाही.